खुर्चीकडे झुकलेला दोरा

शाळा उघडली तेव्हा मोठ्या बाईंनी दादाचे तास मला दिले आणि प्रयोगशाळेच्या किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवला. "तुमच्या भावाची जागा आहे, तुम्हीच सांभाळा," म्हणाल्या. किल्ल्या मी घेतल्या. त्याच्या खुर्चीवर मात्र बसवलं नाही माझ्याने. उभ्यानेच शिकवत राहिले.

खुर्ची तशी साधीच. लाकडी, हातांची, एक पाय किंचित आखूड म्हणून त्याखाली पुठ्ठ्याची घडी. ती फळ्याजवळ नसायची, खिडकीजवळच्या टेबलाच्या टोकाशी असायची. दादा म्हणायचा, "फळ्याजवळ बसलं की मुलं फळ्याकडे बघतात. मला ती टेबलाकडे बघायला हवीत."

मी आजवर लहान वर्गांना गणित शिकवत आले. भौतिकशास्त्र मी शिकले होते, पण पुस्तकातून, परीक्षेपुरतं. दादाची तऱ्हा निराळी. त्याच्याकडे आधी अंदाज, मग प्रयोग, आणि पुस्तक सगळ्यात शेवटी. पेल्यात काठोकाठ पाणी भरायचं, वर पुठ्ठा ठेवायचा, पहिल्या बाकावरच्या कुणाच्या तरी डोक्यावर तो पेला उलटा धरायचा आणि विचारायचं, "हात काढू? पाणी पडेल की नाही? बोला पटापट. गप्प बसेल त्याच्या डोक्यावर पुढचा पेला." चुकलेल्या अंदाजाला त्याने कधी नावं ठेवली नाहीत. पण न बघता ठासून बोलणाऱ्याला तो सोडत नसे. आवाज चढवायचा नाही, नुसतं विचारायचा, "पाहिलंस?"

आणि त्याची खोडी. दरवर्षी कुठल्या तरी एका टेबलाच्या मांडणीत तो मुद्दाम काहीतरी गडबड करून ठेवायचा. तराजूच्या पारड्याखाली मेणाचा गोळा, आरशाच्या मागे पाचर, असलं काहीतरी. मुलांनी ते शोधायचं. नियम दोनच. सापडेपर्यंत मांडणीला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं आणि डोकं चालवायचं. आणि सापडलं की बोंबलत सुटायचं नाही, सरांच्या कानात येऊन सांगायचं. मग दादा मोठ्याने विचारायचा, "पाहिलंस?" मूल म्हणायचं, "पाहिलं." दादा म्हणायचा, "मग मोड." शोधणाऱ्यानेच ती खोडी सगळ्यांसमोर मोडायची. हे ऐकायला मागच्या वर्गातली मुलं दारात येऊन उभी राहायची.

मला तो चिडवायचा, "तुझ्या नेमात माझी खोडी बसत नाही ना?" माझे काही नेम आहेत. सकाळी आंघोळ झाल्यावर दिवा, जप, जप होईपर्यंत मौन. आणि दिवसभरात खोटं बोलायचं नाही. त्यात सांगण्यासारखं काही नाही, माझं मी पाळते. रात्री निजण्याआधी दिवसभराचं बोलणं एकदा देवापुढे मांडायचं, एवढंच. मी म्हणायचे, "फसवणं ते फसवणंच, दादा." तो म्हणायचा, "फसवणूक नाही ती. मी त्यांना प्रश्न विचारतोय, फक्त तोंडाने विचारत नाही."

तो गेला सुट्टी लागली त्याच आठवड्यात. सकाळी दाढी करताना छातीत कळ आली. "जरा पडतो," म्हणाला, तो उठलाच नाही. मी ओल्या फडक्याने त्याचे हात पुसले. उजव्या अंगठ्याच्या नखाच्या कडेला सोनेरी काहीतरी बसलं होतं. पुसून निघेना. मी जोर लावला नाही. त्याला दुखेल असं वाटलं.

दादाची मुलगी त्याच वर्गात, जो आता माझ्याकडे आला होता. तिला आम्ही भिंगरी म्हणतो. नाव दादानेच ठेवलेलं, कारण रांगायच्या वयातही ती पुढे जायची सोडून स्वतःभोवतीच फिरायची. बोलायलाही तशीच, थांबणं म्हणून नाही. जेवताना वहिनी तिच्या तोंडात घास कोंबायच्या तो भरवायला नव्हे, गप्प करायला. दादा गेल्यापासून ती हो, नाही, नको, एवढ्यावर आली. शाळा उघडली आणि पहिल्याच दिवशी तिने खिडकीजवळचं टेबल धरलं. खुर्चीच्या बाजूचं स्टूल. मला वाटलं, बापाच्या जवळ बसावंसं वाटत असेल. बसू दे.

लंबकाचा धडा आला तेव्हा मी दादासारखंच करायचं ठरवलं. प्रत्येक टेबलाला लोखंडी स्टँड आवळलेला, त्याला दोरा, दोऱ्याला सोनेरी गोळा. मी विचारलं, "गोळा जड घेतला तर तो लवकर जाऊन येईल, की हलका घेतला तर?"

"बाई, ऐकू येत नाही," मागच्या बाकावरून उंट म्हणाला. हा वर्गातला सगळ्यात लांब मानेचा मुलगा, त्यालाही ते नाव आवडतं. माझा आवाज लहानपणापासून हळू. मागच्या बाकापर्यंत पोचत नाही.

मी पुन्हा विचारलं.

"जड!" अर्धा वर्ग.

"हॅ! जड माणूस आळशी असतो," उंट म्हणाला. "आमचा आतेभाऊ बघा. हाक मारली की जेवण झाल्यावर येतो. हलकाच लवकर."

वर्ग हसला. मग मोजायला लागला. टेबलाटेबलावरून आश्चर्याचे आवाज यायला लागले, कारण जड काय, हलका काय, दोघांना वेळ तेवढाच लागत होता. मला मनातून बरं वाटलं. जमतंय म्हटलं.

"बाई, आमचा थांबतोय." खिडकीजवळच्या टेबलावरची एक मुलगी उभी राहिली होती.

मी गेले. गोळा सोडला की दोनचार हेलकावे नीट घ्यायचा, मग एकदम मलूल व्हायचा आणि थांबायचा. कुणीतरी तळहात आडवा धरावा तसा. आणि थांबायचा तोही मधोमध नाही. बाकीच्या टेबलांवरचे दोरे सरळ खाली लोंबत होते. हा तिरका उभा होता. दोऱ्याचं वरचं टोक जागेवर, आणि गोळा दादाच्या खुर्चीकडे झुकलेला. हवा म्हणावी तर खिडकी बंद होती.

"चुंबक असेल, बाई," कोणीतरी म्हणालं.

मला हसू आलं. निदान एवढं तरी मला ठाऊक होतं. म्हटलं, "लंबकाचे गोळे पितळेचे असतात. पितळेला चुंबक ओढत नाही. इथे चुंबकाचा काही संबंध नाही."

भिंगरीने मान वर केली. किती दिवसांनी तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. तोंड उघडलं, काहीतरी ओठांवर आलं होतं, आणि मग तिने ते मिटलं. त्या मिटण्याचा अर्थ मला त्या वेळी लागला नाही.

"मी गोळा बदलून बघते," म्हणून मी हात पुढे केला, तर तिने आपला हात आडवा घातला. "मांडणीला हात लावायचा नाही," म्हणाली. दादाचेच शब्द. माझा हात आपोआप मागे आला.

उंट, खरं तर गमतीनेच, म्हणाला, "मग सर ओढत असतील."

कुणी हसलं नाही. तोही नाही.

एकदा असं वाक्य तोंडातून गेलं की ते शाळाभर फिरतं. मुलं खिडकीच्या बाजूने जाईनाशी झाली. भिंगरीच्या टेबलावरच्या दोघींनी जागा बदलून मागितल्या. एका मुलाची आई तक्रार घेऊन आली. मोठ्या बाईंनी शिपाईकाकांना पाणसळ घेऊन पाठवलं. काकांनी ती टेबलावर आडवी ठेवली, उभी ठेवली, डोळा बारीक करून आतला बुडबुडा बघितला. बुडबुडा बरोबर मधे.

"बाई, टेबल सरळ आहे," काका म्हणाले. "मीही सरळ आहे. आता राहिलं कोण?" आणि पाणसळ उचलून भराभर निघाले. दुसऱ्या दिवसापासून ते झाडू खिडकीच्या टेबलापर्यंत आणायचे आणि तिथून परत फिरायचे. "तिथे खाली वाकणार नाही मी. तुम्ही काहीही म्हणा."

मी काय म्हणणार? मीही त्या खुर्चीला वळसा घालूनच जात होते, पदर आवरून, कुणाला लागू नये असा. देवावर माझी श्रद्धा आहे. गेलेलं माणूस त्याच्याकडे जातं, हेही मी मानते. मग आपला दादा प्रयोगशाळेच्या खिडकीत कशाला थांबेल? सकाळी जपाला बसलं की हे मला स्वच्छ कळायचं. शाळेत जाऊन दार उघडलं की तो दोरा समोर दिसायचा, सगळ्या खोलीत तो एकटा तिरका, आणि सकाळचं कळलेलं कुठे जायचं कोण जाणे. एकदा तर कुलूप लावता लावता माझ्याच तोंडून निघून गेलं, "येते रे, दादा." आणि मग पायऱ्या मी मागे न बघता उतरले.

भिंगरी मधल्या सुट्टीत डबा उघडत नव्हती, हे मला काकांनीच सांगितलं. आणि त्यांनी ते वहिनींनाही सांगितलं.

"वन्सं," वहिनी त्या संध्याकाळी म्हणाल्या. कपड्यांच्या घड्या घालत होत्या, माझ्याकडे न बघता. "ती खुर्चीशी बोलते म्हणे."

"काकांना काय, सावली दिसली तरी ते..."

"तुम्हाला दिसत नाही? घरी माझ्याशी बोलत नाही, आणि तिथे लाकडाशी बोलते." दादाचा एक सदरा त्यांच्या घड्यांत आला होता. तो त्यांनी परत उलगडला, परत घडी घातली. "मी माझ्या भावाला कळवलंय. उद्या शाळेत येऊन दाखला मागते. तिकडे मामा आहे, चांगली शाळा आहे. आणि गेलेल्या माणसाची खुर्ची नाही."

"वहिनी, थोडं थांबा. मी बोलते तिच्याशी."

"तुम्ही?" त्यांचा आवाज वाईट नव्हता, थकलेला होता. "तुम्ही स्वतः त्या खुर्चीला वळसा घालून जाता. मुलं सांगतात."

खरंच होतं. मला पुढेमागे कुणी नाही. लग्न झालं नाही, आई-वडील गेले, दादा गेला. उरली भिंगरी. ती गेली तर त्या घरात मला आत्या म्हणून हाक मारणारं कुणी राहणार नव्हतं. रात्री दिवसभराचं बोलणं देवापुढे मांडलं आणि म्हटलं, उद्या मला तिच्याशी बोलायला शब्द दे. बाकी काही नको.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी प्रयोगशाळेकडे गेले. दार लोटलेलं होतं. आतून कुजबुज येत होती.

मी थबकले. शब्द कळत नव्हते, पण बोलण्याची लय कळत होती. थोडं बोलणं, मग थांबणं, मग पुन्हा बोलणं. एकटं माणूस पुटपुटतं तसं ते नव्हतं. समोरून उत्तर येतंय आणि ते ऐकून घेतलं जातंय, असं ते थांबणं होतं. भर दुपारी, बाहेर मैदानात मुलांचा गलका चाललेला असताना, मी दाराशी कान देऊन उभी होते. देवाचं नाव घेतलं आणि दार ढकललं.

भिंगरी खुर्चीशेजारी गुडघ्यांवर बसली होती. एक हात खुर्चीच्या हातावर, दुसरा तोंडाच्या कडेला आडवा धरलेला. बसलेल्या माणसाचा कान जिथे यावा तिथे तिचं तोंड होतं. आणि तिच्या मागे तो दोरा, तिच्यासारखाच त्या खुर्चीकडे वाकलेला.

"कुणाशी बोलत होतीस, बाळा?"

"कुणाशी नाही."

"भिंगरे, खरं सांग."

ती उभी राहिली. तिचे डोळे कोरडे होते, पण असे रागावलेले मी कधी पाहिले नव्हते. "तू आधी खरं सांग. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, गोळा पितळेचा आहे. पाहिलंस?"

"अगं, लंबकाचे गोळे पितळेचेच..."

"पाहिलंस?"

आवाज तिचा, विचारणं दादाचं.

"नाही," मी म्हटलं.

"मग?" तिने डबा उचलला, न उघडलेला, आणि माझ्या बाजूने निघून गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी एकटी राहिले. तो गोळा आणि मी. शेवटी मी त्याच्याजवळ गेले आणि अंगठ्याच्या नखाने हळूच खरवडलं. सोनेरी पापुद्रा निघाला. खाली करडं, काळसर लोखंड होतं.

मी नखाकडे पाहिलं. कडेला सोनेरी रंग बसला होता. नेमका तिथेच, जिथे त्याच्या नखात होता.

मग मी वाकले. काका जिथे वाकत नव्हते तिथे. हातातला किल्ल्यांचा जुडगा टेबलाच्या फळीखाली गेला मात्र, खणकन वर उडाला आणि फळीला चिकटला. मी ओढला तर सुटेना. मी ओढतेय आणि पलीकडून कुणीतरी ओढतंय. एक क्षण मी सगळं विसरले, पितळ, लोखंड, शाळा, आणि नुसती तो हात धरल्यासारखी बसून राहिले. मग चाचपलं. स्पीकरमध्ये असतो तसला जाडजूड गोल चुंबक, चिकटपट्टीने नीट बसवलेला, गोळ्याच्या बरोबर खाली नाही, खुर्चीच्या बाजूला थोडा सरकवून.

दादाने सुट्टी लागण्याआधीच पुढच्या वर्षीची खोडी लावून ठेवली होती. एवढ्या वर्षांत असं त्याने कधी केलं नव्हतं, नेहमी शाळा उघडल्यावर लावायचा, म्हणून कुणाच्या मनातच आलं नाही. पोरीच्या मात्र आलं. तिने बापाच्या नखातला रंग पाहिला असणार, मी पाहिला तसाच. मी पाहून सोडून दिला. तिने शोधलं. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

आणि ठाऊक असून ती गप्प होती, कारण नियम होता. सापडलं की बोंबलायचं नाही, सरांच्या कानात सांगायचं. तो कान आता कुठून आणायचा? माझ्याकडे बघून तिने त्या दिवशी तोंड उघडलं होतं. मला सांगायलाच उघडलं असणार. आणि मी, खोटं न बोलण्याचा नेम पाळणारी, न बघता ठासून बोलून मोकळी झाले होते. कित्येक रात्री मी ते वाक्य देवापुढून स्वच्छ म्हणून नेलं होतं.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. मी चुंबकाला हात लावला नाही. किल्ल्या ओढून सोडवल्या, तोंडावर पाणी मारलं.

पुढचा तास त्याच वर्गाचा होता. मुलं आली, नेहमीप्रमाणे खिडकीची बाजू टाळून भिंतीकडे दाटीवाटीने बसली. भिंगरी आपल्या स्टुलावर, मान खाली. दाराच्या काचेतून मला वहिनी दिसल्या. हातात पर्स, दाखल्याचा अर्ज. मोठ्या बाई बहुधा जागेवर नव्हत्या, म्हणून इकडे आल्या होत्या.

मी म्हटलं, "लंबकाच्या तासाला मी तुम्हाला सांगितलं होतं की हा गोळा पितळेचा आहे. तो मी पाहिला नव्हता. न पाहता बोलले. चुकलं माझं."

"बाई, मोठ्याने," मागून उंट म्हणाला.

"चुकलं माझं!" मी म्हटलं. वर्ग चपापला. "सरांनी यंदाची खोडी लावून ठेवलेली आहे. ती अजून मोडलेली नाही. कुणाला सापडली असेल तर नियम तुम्हाला माहीत आहे."

आणि मी चालत त्या खुर्चीपर्यंत गेले. वळसा घातला नाही. बसले.

खुर्ची जराशी डुगडुगली आणि पुठ्ठ्यावर स्थिर झाली. पाठीला लाकूड लागलं, आणि तिथे माणसाच्या पाठीचा खळगा होता, वर्षानुवर्षं टेकून झालेला. माझी पाठ त्यात बसली नाही, त्याची माझ्याहून रुंद होती. हातांवर हात ठेवले. बसल्याजागेवरून मला पहिल्यांदा दिसलं ते, जे दादाला रोज दिसत असेल. फळा नाहीच. फक्त टेबलं आणि मुलांचे चेहरे. आणि समोर तो गोळा, माझ्याकडे झुकलेला.

कुणी हललं नाही. भिंगरीही नाही. मी तिच्याकडे बघितलं नाही, समोर बघत राहिले. मनात जप चालू होता की थांबला होता, सांगता येणार नाही.

मग स्टूल सरकल्याचा आवाज आला. तिची पावलं. माझ्या कानाशी ऊब आली, तळहाताचा आडोसा आला.

"गोळा लोखंडाचा आहे, वरून रंगवलाय," ती कुजबुजली. "खाली चुंबक आहे. खुर्चीच्या बाजूला." मग थांबली. पुन्हा तेच थांबणं, जे मी दाराबाहेरून ऐकलं होतं. "आत्या, चुंबक बाबांनीच लावलाय. म्हणजे तेच ओढतायत ना?"

खोटं बोलायचं नाही. मी शोधून पाहिलं, माझ्या आत जेवढं होतं तेवढं सगळं धुंडाळलं, आणि म्हटलं, "हो."

"मग काढला की जातील."

दारात वहिनी उभ्या होत्या, दार उघडून कधी आत आल्या कळलं नाही. वर्ग आमच्याकडे बघत होता, कारण पुढे काय म्हटलं जातं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"पाहिलंस?" मी मोठ्याने विचारलं.

"पाहिलं," ती म्हणाली.

पुढचे दोन शब्द मला म्हणायचे होते. ते म्हटले की दादाने या जगात लावून ठेवलेलं शेवटचं काही मोडणार. न म्हटले तर ही पोर जन्मभर इथे गुडघ्यांवर बसणार. तिने माझा हात धरला. तिचा हात गार होता, पण ती मागे सरकत नव्हती. वाट बघत होती.

"मग मोड."

तो आवाज खोलीभर गेला. मागच्या भिंतीला लागून परत आला. मुलांनी दचकून माझ्याकडे पाहिलं, वहिनींचा हात तोंडावर गेला. माझा आवाज असा नाही. मला तो माझ्या छातीतून निघालेला कळला, पण कानांनी ओळखला नाही. की ओळखला, म्हणूनच अंगावर काटा आला.

"बाई," उंट हळूच म्हणाला, "तुम्ही एकदम सरांसारखं..." त्याचं वाक्य तिथेच राहिलं.

भिंगरी टेबलाखाली शिरली. चिकटपट्टी फाटल्याचा चरचर आवाज आला. वरती गोळा एकदम सुटला, कुणी बोट सोडावं तसा, आणि लांबलचक हेलकावे घेऊ लागला. खुर्चीकडे, खिडकीकडे, खुर्चीकडे, खिडकीकडे. हेलकावे लहान होत गेले. सगळा वर्ग उठून टेबलाभोवती आला होता, भिंतीजवळची मुलंसुद्धा. शेवटी तो मधोमध येऊन उभा राहिला, बाकीच्या टेबलांवरच्यासारखाच. सरळ.

भिंगरी चुंबक छातीशी धरून त्याच्याकडे बघत राहिली. मग ती रडली. दादा गेल्यापासून पहिल्यांदा, आवाज काढून, नाक पुसायची शुद्ध न राहता. वहिनी मुलांमधून वाट काढत आल्या आणि तिला पोटाशी घेतलं. मी वर्गाला मैदानात पाठवलं. उंट जाता जाता आपला रुमाल टेबलावर ठेवून गेला. फारसा स्वच्छ नव्हता.

बऱ्याच वेळाने भिंगरीने तोंड बाहेर काढलं. "आई, अंदाज सांग. हा गोळा पितळेचा की लोखंडाचा?"

"मला काय कळतंय त्यातलं," वहिनी तिचे केस मागे सारत म्हणाल्या. "सोनेरी दिसतोय, म्हणजे पितळेचाच असेल."

"पाहिलंस?"

वहिनी तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं की रडू, ते त्यांनाही ठरवता येत नव्हतं. "नाही गं बाई," म्हणाल्या. "दाखव."

मग भिंगरी सांगत सुटली. रंग कुठला, चुंबक कुठला, गोळा रंगवून आल्यावर बाबांनी नखं कशी लपवली, आत्या कशी फसली. सांगता सांगता डबा उघडून खात होती. वहिनींनी अर्जाची घडी घालून पर्समध्ये टाकली. "परीक्षा होऊ दे," मला म्हणाल्या. "मग बघू." ते बघायचं अजून राहिलंच आहे.

आता काका त्या टेबलाखालीही झाडू घालतात. या नव्या वर्षाची खोडी मी लावली. कोणत्या टेबलावर ते इथे लिहीत नाही. खुर्चीवर मीच बसते. मुलं प्रयोगात गुंग असतात, खोलीत दोऱ्यांची आणि कुजबुजीची लय असते, तेव्हा कधीकधी माझ्या कानाशी ऊब येते. कुणी तोंड जवळ आणावं तशी. मी वळून बघते. मागे खिडकी असते, बंद.

कुणाला मी हे सांगत नाही. पाहिलेलं नाही ना.